गिरणीवाल्याच्या जागी

मालक : ...तर एवढंच. आज गिरणीवाला काढायचा. बाकी खेळ जसाच्या तसा.

बाई : गिरणीवाल्याच्या गोष्टीतून गिरणीवालाच काढायचा, आणि खेळ जसाच्या तसा! वा! मग स्टेजवर काय, नुसतं पीठ उडवायचं?

मालक : अगं, इथली गिरणी गावप्रमुखाची आहे. पहिल्या रांगेत बसणार तो, बायकामुलांसकट. त्याच्या डोळ्यांदेखत मी तराजूवर अंगठा दाबायचा?

बाई : तो दाबतो का?

मालक : मला काय माहीत!

मेहुणा : दाबतो, दाजी. विहिरीवर बायका सांगत होत्या.

मालक : तू गप्प बस. गाढवाचे पुढचे पाय तू. पायांनी बोलू नये.

मेहुणा : तोंडही माझ्याकडेच आहे, दाजी. मागचे पाय तेवढे दिवेवाल्याकडे.

बाई : मागच्या गावात धर्मगुरू काढलात, तिथल्या धर्मगुरूला राग येईल म्हणून. त्याआधी सावकार काढलात, मंडप त्याचा म्हणून. सातशे वर्षं लोक ज्या गोष्टीला हसत आले, तिच्यात आता उरलंय कोण? मी, तुम्ही आणि गाढव.

मेहुणा : गाढवाबद्दल अजून कुणाची तक्रार नाही हं.

मालक : हसा, हसा! खाई त्याला खवखवे, हे मलाही कळतं. पण खवखवलं की तो आपल्याला हाकलतो, त्याचं काय? मग खेळ कुठे करायचा, रानात?

बाई : माझ्या बाबांना दोन गावांनी हाकललं होतं. तिसऱ्या गावात लोक आधीच झाडांवर चढून बसलेले, कशापायी हाकललं ते बघायला.

मालक : सासरेबुवा थोर होते. मी साधा माणूस आहे.

बाई : साधे कसले, घाबरट. बाबांनी मंडळी तुमच्या हातात दिली, तेव्हा वाटलं, हे सांभाळतील. सांभाळलंत, पण गोष्टीला नाही, पहिल्या रांगेला. मला लाज वाटते हो. रोज तोंडाला रंग लावताना वाटते.

मालक : ...बरं, बरं. गिरणीवाल्याऐवजी नवरा शिंपी करू. शिंपी कापड मारतो, हे जगजाहीर—

मेहुणा : शिंपी गावप्रमुखाचा साडू.

मालक : लोहार?

मेहुणा : पुतण्या.

मालक : अरे, मग या गावात त्याचा कुणीच लागत नाही असा आहे तरी कोण?

बाई : तुम्ही.

मालक : काय?

बाई : नवरा नाटकमंडळीचा मालक करू. गावोगाव हिंडणारा. आधी समोर कोण बसलंय ते बघतो, मग गोष्ट ठरवतो. ना कुणाचा साडू, ना पुतण्या. गावप्रमुख पोट धरून हसेल.

मेहुणा : हसेल, दाजी. आपल्यावरचं दुसऱ्यावर गेलं की कोण हसत नाही?

मालक : आणि ते काम मी करायचं? माझंच?

बाई : पाठांतरसुद्धा नको. नेहमीचंच बोला.

मालक : पण तू त्या नवऱ्याला काय काय बोलतेस! ढेरपोट्या म्हणतेस, पाठीत लाटणं घालतेस...

बाई : लाटणं हळू घालीन.

मालक : आणि शेवट? ती त्याला सोडून गाढवावर बसून निघून जाते, तो?

बाई : तुम्ही कापला होता तो. गावच्या सुनांना वाईट वळण लागेल म्हणून. आज तो परत लावणार.

मेहुणा : ताई, बसायचं असेल तर दिवेवाल्याच्या बाजूला बस. माझी कंबर आधीच धरलीय.

बाई : आणि ऐका. हे आज चालवून घेते. उद्या पुन्हा कुणाला भिऊन कुणाला काढलंत, तर दुसऱ्या दिवशी मी नाही. एका मोठ्या नाटकमंडळीने मला बोलावलंय. सकाळची गाडी त्यांच्याच गावाला जाते.

मालक : धमकी देतेस?

बाई : धमकी कसली! सांगून ठेवते. समोरच्याला राग येईल म्हणून बदलून सांगायची सवय मला नाही.

(बाहेर घंटा होते. मालक गिरणीवाल्याची पांढरी टोपी खुंटीला अडकवतो आणि मघाशी काढलेला स्वतःचाच कोट पुन्हा अंगात घालतो.)

मेहुणा : दाजी, कोट हाच?

मालक : मालकाचा दुसरा कुठून आणू? ...अगं, तो शेवट. ती निघते, तेव्हा नवरा काय करतो? कापल्यापासून विसरलोच मी.

बाई : मागे धावतो. गाढवाचा लगाम धरतो आणि बोलतो.

मालक : काय बोलतो?

बाई : ते ठरलेलं नाही.

मालक : आणि ती? थांबते?

बाई : बाबा नवरा असायचे, आई बायको. आई कधी थांबायची, कधी सरळ निघून जायची. बाबा काय बोलतात, त्यावर.