शिवशरणच्या नावावरची झोप

— झोपेच्या तपासणीचा रिपोर्ट खराब कसा येईल, फिरदोसबाई? परत बघा. नाव शिवशरणचंच आहे ना? मग तुमचं मशीन बिघडलं असणार. परवा तुम्हीच बांधायचं शिकवून गेलात — छातीला पट्टा, बोटाला चिमटा, नाकात नळी, नवरदेवालासुद्धा एवढं सजवत नाहीत — आणि रात्रभर इतकी छान झोप लागली की मला — म्हणजे त्याला, शिवशरणला. मी थोरला भाऊ, शेजारच्याच कॉटवर असतो, मला माहीत असणार की.

त्याला विचारायचंय? तो आत आहे, पण बोलणार कशानं? तंबाखूच्या कॅन्सरनं जीभ नेली, अर्धा जबडा नेला, उरलेला घसा रेडिएशनचा लाईट देऊन वाळवला. घोरतो मात्र पूर्वीपेक्षा जोरात. माणसाचा आवाज जातो आणि घोरणं राहतं, ही कुठली व्यवस्था म्हणायची? आणि मधेच तेही थांबतं, श्वासच थांबतो — मग त्याची बायको रुद्राणी लाटण्यानं ढोसते, की गाडी परत चालू. चपात्यांना आम्ही दुसरं लाटणं आणलंय.

आता सांगा, असल्या माणसाची झोप तपासली तर काय निघणार? आणि निघालं की डॉक्टर काय करणार? श्वासासाठी गळ्याला भोक. कॅन्सरच्या ऑपरेशनच्या वेळी केलंच होतं की. खोकला आला की त्यातून फुर्र, आणि खोलीत माशी दिसली की हा मान झाकून बसायचा, आत शिरेल म्हणून. ते भोक बुजलं त्या दिवशी घरी येताना सात रस्ता चौकात मोटारसायकल थांबवायला लावली मला, आणि चांगला भर रस्त्यात रडला — बिनजिभेचं रडणं ऐकलंय का तुम्ही? असो. तुमच्या तपासणीचं निघालं तेव्हा पाटीवर खरडलं त्यानं — परत भोक नको, त्यापेक्षा जाऊ दे मला. धाकटा भाऊ असं लिहितो, तर थोरल्यानं काय करायचं?

झोपलो मी. झालं समाधान? त्याच्या जागी पट्टा बांधून मीच झोपलो. रिपोर्ट स्वच्छ यावा म्हणून. आमची झोप म्हणजे हुकमी — पाटबंधारे खात्यात कारकून होतो, खुर्चीत टेकलो की झोप, फाईल उघडली की झोप, साहेब रागावत असताना झोप. निवृत्तीच्या सत्काराला माझ्यावर भाषण चालू होतं तेव्हाही लागला डोळा. लोक म्हणाले, किती नम्र माणूस, मान खालीच. परवा तर तोंडात घास असताना — काय? हीच खूण असते? छे हो, ही सरकारी नोकरीची खूण.

माझा श्वास थांबतो? मशीन खोटं बोलत नाही म्हणता... शिवशरणला तंबाखू होती, मला तर सुपारीसुद्धा नाही. आणि त्याला ढोसायला रुद्राणी आहे; आमची ही जाऊन वर्षं झाली. मग मला रोज परत सुरू कोण करतं? आपोआप? असं आपोआपवर किती दिवस चालतं, फिरदोसबाई? नको, सांगू नका.

थांबा, काय म्हणालात? आधी तोंडावर मास्क लावून हवा सोडतात? भोक अगदीच इलाज उरला नाही तर? अहो, मग हे परवाच सांगायचं की. सांगितलं होतं? शिवशरण आत झोपला होता म्हणून मलाच समजावून गेलात? हितंच बसून? — व्हय, तेव्हा डोळा लागला असेल माझा.

शिवा, दाराआड कधीपासून उभा आहेस रे? ऐकलंस सगळं? हसतोय बघा. अर्ध्या तोंडानं हसतोय, लाळ पुसतोय आणि हसतोय — ऑपरेशन झाल्यापासून पहिल्यांदा बघतोय मी हे. काय? माझ्या गळ्याकडे बोट कशाला? आधी माझ्या गळ्याला भोक, मग तुझ्या? असं म्हणतोस? बरं, तसं तर तसं. बाई म्हणतात, मास्कच आहे रे. अर्ध्या जबड्याला कसा बसवायचा ते त्या बघतील. मग आज रात्री तू बांधून घेतोस? खरंच? ...मान हलवली. बघितलंत ना तुम्ही, हलवली ना?

ठेवा ते मशीन इथंच. पट्टा रुद्राणीला शिकवा, मला नको. नाही, चहा-बिहा काही नको, शिकवून झालं की निघा तुम्ही लगेच. हसू ओसरलं की ‘नाही’ म्हणेल तो.