मागची पाटी

आसगेर : टॉर्च खाली धर. खाली. तू छताला दाखवतेस.

टोरुन : बाबा, माझा खांदा शेगडीत अडकलाय. ह्याहून खाली हात जात नाही.

आसगेर : पन्नाशी ओलांडली म्हणून एवढं? मी एक्क्याऐंशीचा आहे आणि माझं डोकं आत आहे.

टोरुन : डोकं बाहेर काढा, मग बोलू. काय दिसतंय?

आसगेर : फट सरकली. गेल्या ऑक्टोबरात खुणेपाशी होती. आता बोटभर पुढे गेलीय.

टोरुन : म्हणजे तपासून गेलेला तो धुराडेवाला बरोबर बोलला.

आसगेर : तो तिशीतला पोरगा. त्याला बीड, ओतीव लोखंड, म्हणजे काय ते पुस्तकातून माहीत.

टोरुन : पुस्तकातून कळलेलं खोटं असतं का? त्याने कागदावर स्पष्ट लिहिलंय. शेगडीची मागची बिडाची पाटी आरपार तडकलेली आहे, एक नोव्हेंबरपासून पाटी बदलल्याशिवाय विस्तव घालायचा नाही.

आसगेर : वाचता येतं मला. छिन्नी दे.

टोरुन : परत खूण करणार?

आसगेर : सरकली की खूण करायची. फट जिथवर पोचली तिथे रेघ, रेघेशेजारी साल आणि महिना. खोटं बोलत नाही लोखंड. फक्त नोंद ठेवावी लागते.

टोरुन : किती खुणा झाल्या?

आसगेर : ही धरून वरच्या चार तुला दिसतील. खालच्या विटांच्या मागे आहेत. हातोडी. ती नको, लहान.

टोरुन : नवीनच शेगडी बसवली तर? दुकानात काचेच्या दाराच्या मिळतात.

आसगेर : भिंत फोडावी लागेल. दगड तुझ्या आईने नदीतून निवडून आणलेत, एकेक.

टोरुन : माहीत आहे. मग नुसती पाटी?

आसगेर : हा आमच्या फाउंड्रीचा माल. फाउंड्रीच्या जागी आता गाड्या धुतात. पाटी कोण देणार? गाड्या धुणारा?

टोरुन : मग काय, थंडीत बसणार? हीट पंप वजा तीसला हात टेकतो.

आसगेर : बघू.

टोरुन : बाबा, ही फट तुम्हाला पहिल्यांदा पंच्याऐंशीच्या मे महिन्यात दिसली होती ना? काजळी काढताना?

आसगेर : हं.

टोरुन : आणि तुम्ही म्हणालात, ओत गार पडला होता. साच्यात ओतताना रस निवला, म्हणून आत खोट राहिली.

आसगेर : म्हणालो होतो.

टोरुन : ओडमुंडकाका अजून चिडवतात त्यावरून. दर शुक्रवारी कॉफीला. ‘गार ओत्या’.

आसगेर : त्याला शुक्रवारी काहीतरी बोलायला लागतंच. नाहीतर गुडघ्यांवर बोलेल. गुडघ्यांपेक्षा हे बरं.

टोरुन : तुम्हाला वाईट नाही वाटत? तीस वर्षं साचे केलेत तुम्ही. तुमची एकही वस्तू खोट निघून परत आली नाही म्हणतात.

आसगेर : एक आली.

टोरुन : बाबा...

आसगेर : काय?

टोरुन : काही नाही. हात दुखला टॉर्च धरून.

आसगेर : मग ठेव ना खाली. झालं माझं. चोवीस, दहा. बघ, सुबक आलाय आकडा.

टोरुन : सुबक आहे. नाकाला काजळी लागलीय तुमच्या.

आसगेर : राहू दे, संध्याकाळी धुईन. तुझी गाडी कितीची?

टोरुन : दोन वीसची. डब्यात मटणाची आमटी ठेवलीय, दोन दिवस पुरेल. आणि अंगणात बर्फ गोठलाय, खडी टाकून मगच लाकडं आणायला जा.

आसगेर : टाकतो. जाताना दार ओढून घे, बिजागरी सैल आहे.

(अठरा दिवसांनंतर. टोरुन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आसगेर लाकडाच्या कोठीत, ओंडक्यावर बसल्या जागी गेला. मातीही होऊन गेली. तीच खोली. टोरुन आणि बापाचा फाउंड्रीतला जोडीदार ओडमुंड.)

ओडमुंड : पोरी, पहार कुठेय? माझी आणली नाही मी, माझी ह्याच्याकडेच होती. एकोणीसशे नव्वदपासून.

टोरुन : कोठीत होती. ही घ्या. काका, तुम्ही बसा, मी करते.

ओडमुंड : बसून बसून मरायला आलोय मी... माफ कर.

टोरुन : असू दे. विटा आधी काढायच्या ना?

ओडमुंड : विटा आधी. एकेक. तडकलेल्या विटांना घाबरू नको, विटा तडकतातच, त्यांचं कामच ते. बीड तडकलं की मात्र विचार करायचा. तुझं काय, हे सगळं कशासाठी? भाऊ म्हणत होता घर विकायचं.

टोरुन : दादाला मी विचारलं नाही. मला ही शेगडी पेटलेली हवी आहे. धुराडेवाल्याची सही हवी आहे. मग विकायचं की राहायचं ते बघू.

ओडमुंड : सही! तुझा बाप असता तर सहीच्या कागदाने विस्तव पेटवला असता.

टोरुन : काका, ह्या पाटीवरूनच साचा केला तर? तुकडे जुळवून, वाळूत दाबून?

ओडमुंड : आणि म्हणे साहित्य शिकवते! बीड निवताना आक्रसतं गं. मीटरमागे सेंटीमीटरभर. पाटीवरून पाटी केलीस तर बुटकी निघेल. म्हणून नमुना लाकडाचा असतो आणि मुद्दाम थोडा मोठा. त्याचा लाकडी नमुना असता तर गोष्ट वेगळी. फाउंड्री बंद झाली तेव्हा सगळे नमुने जळणात गेले.

टोरुन : त्यावर काय नक्षी असेल?

ओडमुंड : रोवनच्या झाडाची फांदी. पाच पानं, फळांचे दोन घोस. आसगेरने स्वतः कोरली होती. मागच्या पाटीवर कोणी नक्षी काढतं का? आगीमागे कोण बघणार? ह्याला सांगितलं तर म्हणे, आग बघेल.

टोरुन : काका, तुम्ही ज्या पेटीवर कोट ठेवलाय ना, तिचं झाकण उलटं करा.

ओडमुंड : ही? काटक्यांची पेटी? हिच्यावर तर तू बसायचीस लहानपणी... अरे देवा.

टोरुन : मोजे चढवताना मी त्यावरच बसायचे. खालून हात लावला की पानं लागायची. मला वाटायचं सगळ्या पेट्या आतून अशाच असतात.

ओडमुंड : चोर! नमुना चोरला आणि त्यावर पोरीला बसवलं! चाळीस वर्षं मी इथे कॉफी पितोय.

टोरुन : वाकलाय का?

ओडमुंड : हा कसला वाकतोय! वाळवलेलं पाइन आहे, सांधे बघ कसे घेतलेत. रोरॉसला एक बाई आहे, मूर्ती ओतते बिडाच्या. भट्टी आहे तिच्याकडे. मी वाळू चाळायला जातो कधीमधी. विचारतो तिला. ओढ आता पहार, ओढ. पाटी सुटली.

टोरुन : जड आहे हो.

ओडमुंड : बीड आहे, वॉफल नाही. इथे टेक. ब्रश मार जरा. ह्या त्याच्या रेघा होय? बघ, वेडा माणूस. चोवीस. सोळा. दहा. नव्व्याण्णव. खाली आणखी आहेत. अठ्ठ्याऐंशी. आणि ही सगळ्यात खालची, पहिली.

टोरुन : ती वाचा.

ओडमुंड : पंच्याऐंशी, दोन.

टोरुन : पाच असेल. मे.

ओडमुंड : दोन आणि पाच कळत नाहीत का मला? दोन आहे. फेब्रुवारी. काय गं, बसलीस का?

टोरुन : काही नाही. बसू दे जरा.

ओडमुंड : आम्हाला त्याने मेमध्ये सांगितलं. फाउंड्रीत, जेवणाच्या सुट्टीत. स्वतः होऊन. ‘माझ्या घरची पाटी तडकली, ओत गार होता माझा.’ सगळे हसले. मी सगळ्यात मोठ्याने. मग फेब्रुवारीत कसली खूण?

टोरुन : ती बाई कधी ओतते?

ओडमुंड : बुधवारी.

*

टोरुन : काका, चष्मा घाला. ती भट्टीवाली ओरडतेय तुमच्यावर.

ओडमुंड : ती माझी नात शोभेल वयाने. ओरडू दे. वाळू मी दाबलीय, तिच्या चार पोरांनी मिळून अशी दाबली नसती. नमुना उचलला तेव्हा पान न् पान बघितलंस ना?

टोरुन : देठसुद्धा आला होता.

ओडमुंड : आता जुनी पाटी फोडायची. तिचंच बीड नव्या रसात टाकू. घण घे. तूच मार. मुलीने मारावा.

टोरुन : कुठे?

ओडमुंड : फटीपासून लांब. मध्यावर. घाबरत मारलास तर उसळून पायावर येईल... शाब्बास! कोणी म्हणेल का ही कविता शिकवते!

टोरुन : फुटली.

ओडमुंड : फुटली. दे तो तुकडा इकडे. उजेडात ये.

टोरुन : काय झालं?

ओडमुंड : थांब.

टोरुन : काका?

ओडमुंड : ओत गार पडला ना, तर आत शिवण दिसते. कडा गोल, गुळगुळीत, आणि रसाचे दोन पदर एकमेकांना चिकटलेलेच नसतात. हे बघ. करडा दाणा, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखा. आता जुन्या फटीची कड बघ, गंजाखाली. धारदार. इथेही शिवण नाही. खोट नाही गं ह्यात. कणभर नाही. मी जन्मात असं ओतलं नाही.

टोरुन : मग फट कशी पडली?

ओडमुंड : तिरकी गेलीय, खालून वर. तापून लाल झालेल्या बिडाला कोणीतरी पाणी पाजलंय. आसगेर असं करणार नाही. झोपेतही करणार नाही. आणि त्याला हे दिसलं नसेल? त्याला? मग एकोणचाळीस वर्षं माझं ऐकून का घेतलं त्याने? कोणासाठी?

टोरुन : शुक्रवारी सांगते, काका. फाउंड्रीतले सगळे असतील तेव्हा. तुम्ही त्या सगळ्यांना कॉफी प्यायला नेहमीसारखं दुकानात नाही, घरी घेऊन या.

ओडमुंड : पोरी...

टोरुन : रस तयार आहे म्हणतेय ती. चला. गार होईल.

ओडमुंड : गार होईल म्हणे! मला शिकवतेस?

*

ओडमुंड : बसा रे सगळे. आयनार, तू त्या पेटीवर नाही बसायचं, ती वस्तू आहे, खुर्चीवर बस. वॉफल्स घ्या. तपकिरी चीज जाड कापलंय, बापासारखी कंजूष नाही ही.

टोरुन : काका, फट राहिलीय बाजूला. पाटी दोन्हीकडे टेकत नाही.

ओडमुंड : ती फट नव्हे, फुगायला जागा. तापल्यावर कुठे जाईल ती? खिशातलं नाणं, एक क्रोनर, घाल मध्ये. जातो का सरकत?

टोरुन : जातो.

ओडमुंड : दुसऱ्या बाजूला?

टोरुन : तिथेही जातो. अगदी सारखा.

ओडमुंड : ऐकलंत का रे? एक क्रोनर, दोन्हीकडे! मेलेल्या माणसाचा नमुना, त्र्याऐंशीच्या म्हाताऱ्याचा हात, आणि घासावंसुद्धा लागलं नाही! धुराडेवाला काय म्हणाला सकाळी, सांग ह्यांना.

टोरुन : आत टॉर्च ठेवून खोलीत अंधार केला, शेगडीचे बाहेरचे सगळे सांधे बघितले. उजेडाची रेघ कुठेच नव्हती. मग म्हणाला, अशी पाटी त्याने अजून पाहिली नाही. सही केली. फोटोही काढला, रोवनचा.

ओडमुंड : पोरगा बरा आहे म्हणायचा. लाव आता. ए, काटक्या वर कशाला रचतेस? लाकडाखाली घालतात.

टोरुन : आमच्या घरी वरून लावतात. वर काटक्या, खाली बर्चची लाकडं. विस्तव हळूहळू खाली उतरतो, लोखंडाला दचकवत नाही.

ओडमुंड : हे त्याचंच वाक्य.

टोरुन : त्यांचंच आहे. पहिल्या दिवशी लहानच जाळ. मग मोठा.

ओडमुंड : धरला. धरला बघ! धूर सरळ वर चाललाय. काय आवाज आहे... जुना आवाज. आसगेरा, ऐकतोस का लेका! टाळ्या वाजवा रे, हात कशाला मिळालेत! आयनार, डोळे पूस, चीजवर पडतंय.

टोरुन : पानं दिसायला लागली.

ओडमुंड : दिसतायत. आग बघतेय. बरं, ह्यांना मी पाटीचा तुकडा दाखवलाय. सगळ्यांनी हातात घेतला, कोणाला खोट सापडली नाही. सहा म्हाताऱ्यांनी वॉफल्स खाली ठेवलेत, असं फाउंड्री बंद झाली तेव्हाही झालं नव्हतं. आता तू बोल.

टोरुन : उभी राहून बोलू?

ओडमुंड : तुझं घर आहे.

टोरुन : फेब्रुवारी पंच्याऐंशी. वजा एकेचाळीस म्हणून शाळेला सुट्टी होती. आई तुमच्या बायकोकडे होती, काका, आणि बाबा पाळीवर. मी पंधरा वर्षांची. ह्याच पेटीवर बसून वाचत होते. शेगडीत लाकडं कोंबली आणि हवेची झडप उघडीच विसरले. मान वर केली तेव्हा पाटी लाल झाली होती आणि धुराडं गरजत होतं. मला वाटलं घर पेटणार. मी बाहेर धावले, बादलीभर बर्फ आणला आणि आत फेकला.

ओडमुंड : अरे बापरे.

टोरुन : एकच आवाज झाला. घंटेवर घाव घातल्यासारखा. मी जमीन पुसली, बादली जागेवर ठेवली. बाबा तासाभराने आले. शेगडीपाशी उभे राहिले. त्यांचा मोजा ओला झाला. त्यांनी तो काढला, दोरीवर वाळत घातला आणि मला विचारलं, कुठलं पुस्तक वाचतेयस?

ओडमुंड : आणि?

टोरुन : मी पुस्तकाचं नाव सांगितलं. ते म्हणाले, छान असेल. मेमध्ये त्यांनी जेवताना सांगितलं की ओत गार होता. मला वाटलं, त्यांना खरंच तसं वाटतंय, आणि मला बरं वाटलं. तुम्ही चिडवायचात तेव्हा मी खोलीतून निघून जायचे. त्या दिवशी टॉर्च धरून उभी होते, तेव्हाही सांगता आलं असतं. मी म्हणाले, हात दुखला.

ओडमुंड : मी तर मूर्ख. एकोणचाळीस वर्षं.

टोरुन : तुम्हाला त्यांनीच दिलं होतं ते बोलायला, काका. गुडघ्यांपेक्षा बरं म्हणून.

ओडमुंड : असं म्हणाला?

टोरुन : असंच म्हणाले. आता जरा बाजूला सरका. मला पाटी दिसू दे.

ओडमुंड : सरकलो. बोल त्याच्याशी.

टोरुन : बाबा, फट मी पाडली. तुमचा ओत चांगला होता.