मागच्या चाकापाशी

जळीत वॉर्डाबाहेरच्या बाकावर माझ्याशेजारी एक बाई बसल्या होत्या. ग्रीसने हात काळे झालेला एक मेकॅनिक धावत आला आणि त्यांच्यासमोर जमिनीवरच बसला.

"भाभी, साहेब कसे आहेत?"

"आत आहेत. कोणालाच सोडत नाहीत."

"मी फोनवर काय सांगितलं होतं?"

"सगळं तसंच केलं, नईमभाई. मामंजींची मोटार सहा वर्षं शेडमध्ये उभी, म्हणून तुम्ही म्हणालात, पाच लिटर पेट्रोल टाका आणि रात्रभर खाली पेपर अंथरा. सकाळी डाग दिसेल, तिथं गळती."

"दिसला?"

"मागच्या चाकापाशी. पेपर पार भिजले होते. हे केवढे खूश झाले! सापडलं, म्हणाले."

"रबराची नळी वाळून चिरते, भाभी. नवीन नळी घेऊन मी द्वारका चौकापर्यंत आलो होतो. थोडं थांबायचं ना."

"थांबलोच होतो."

"मग आग कशी लागली? साहेबांनी सेल्फ मारला?"

"नाही हो. तुम्ही येईपर्यंत गाडी सुरू करायची नाही, असं बजावलं होतं ना? चावी बघा, माझ्याच कमरेला आहे."

"मग?"

"आज दसरा. तुम्ही यायच्या आत पूजा उरकून घेऊ, म्हणाले. हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली. मग खाली बसून कापूर लावला."

"पेपर उचलले नव्हते?"

"तुम्हाला दाखवायचे म्हणून तसेच ठेवले होते."