सात नंबरचा मध्यबिंदू

अकरा होते की बारा, हे आता छातीठोकपणे नाही सांगता येत मला — अकराच असतील — नाही, बाराच, कारण बाराव्याला राखाडी रंग द्यावा लागला होता, चांगले रंग संपले होते — पण तुमच्या त्या टॅबवर आत्ता दिसले ना शहराचे रंगीत तुकडे, ते मी पाडलेले आहेत. हसलात तरी चालेल. तुम्ही फिल्टर बदला, माझं चालू द्या, बोललं की धाप लागते, पण गप्प बसलं की जास्त लागते. तर हे तुकडे. घरोघरी जाऊन ही ऑक्सिजनची मशीनं दुरुस्त करणारे तुमच्यासारखे जेवढे होते, त्या प्रत्येकाला एकेक वाटून दिला — हा तुझा एरिया, ही तुझी हद्द, हद्दीपलीकडचा कॉल तुझ्या स्क्रीनवर येणारच नाही. त्याआधी काय होतं? गोंधळ होता. सकाळी सगळे गोदामात जमायचे, एक म्हणायचा, त्या टाकीजवळच्या आजी मला ओळखतात, मीच जातो, दुसरा म्हणायचा, मग शाळेकडचं मी उरकतो. असं कधी काम होतं? व्हायचं, हो. तेच तर सांगतोय. व्यवस्थित होत होतं.

माझी डॉक्टरेट याच विषयातली. जागेचे असे भाग पाडायचे की प्रत्येकाच्या वाट्याला सारखं काम यावं. आणि आलं ना — सरासरीहून कुणाला दोन टक्क्यांपेक्षा जास्त नाही, कमी नाही. पण त्यात एक अडचण असते, ती ऐका. कॉल येतो तेव्हा माणूस नेमका कुठे असेल? कुणाला माहीत? तो दिवसभर फिरतोय. मग गणितात धरून चालायचं की तो आपल्या एरियाच्या मध्यबिंदूवर उभा आहे, आणि तिथून प्रत्येक घर किती लांब ते मोजायचं. सगळे असंच धरतात, मी काही वेगळं केलं नाही. फक्त सात नंबरचा एरिया होता तलावाभोवती, बांगडीसारखा, आणि बांगडीचा मध्य कुठे येतो? — बरोबर. पाण्यात. आमचा सात नंबरचा माणूस रोज सकाळी तलावाच्या मधोमध उभा असायचा, आणि तिथून चारी काठ जवळ. सरासरी तेरा मिनिटं. बारा एरियांमध्ये सगळ्यात देखणा आकडा. मोठ्या साहेबांनी भर सभेत माझी पाठ थोपटली होती.

आता मला हे कुठे माहीत होतं? ठिपके संगणक टाकतो, बारा ठिपके कोण बघत बसतं — म्हणजे चौकशीत कुणी विचारलं असतं तर मी तसं सांगणार होतो. हो, चौकशी झाली, येतो तिकडे. आधी ही सभा. मी पडद्यावर आकडे दाखवले, आणि मागच्या रांगेतून सात नंबरवाल्याने हात वर केला. पन्नाशीचा, जाड भिंगांचा चष्मा, खिशाला कायम दोन टेस्टर. म्हणाला, "साहेब, तेरा मिनिटांत पोचतो, होडी तेवढी मंजूर करा." सगळं सभागृह हसलं. त्या दिवसापासून त्याचं नावच होडीवाला पडलं, त्याची बायकोसुद्धा फोनवर विचारायची म्हणे, होडीवाले आहेत का. मीही हसलो. हसलो, खोलीत आलो, दार लावलं आणि नकाशा मोठा करून पाहिला.

हां. म्हणजे माहीत होतं. बघा, एवढ्या वर्षांत हे मी कुणाला बोललो नव्हतो, तुम्ही फिल्टर बदलायला काय आलात. एका दुपारचं काम होतं हो — बांगडी मधून तोडायची, पूर्वेचा काठ चार नंबरला द्यायचा, पश्चिमेचा सातकडे ठेवायचा. पण मग चार नंबरचं काम नऊ टक्क्यांनी वाढत होतं, माझे दोन टक्के बिघडत होते, आणि पुढच्याच आठवड्यात मुख्य कचेरीपुढे सादरीकरण. मी काय केलं असेल? ठिपका सरकवला. नुसता चित्रात. बोटभर उजवीकडे, रस्त्यावर. गणित तसंच ठेवलं. बायकोला एवढंच म्हणालो की एक लहानशी चूक राहिलीय, सावकाश दुरुस्त करीन. ती म्हणाली, "सावकाश का?" शिक्षण तिचं शाळेपुरतं, पण प्रश्न असे टोकदार विचारायची.

ते प्लास्टिकचं झाकण उलटं बसतंय, बघा — हं, आता.

पूर्वेच्या काठावर एक निवृत्त शिक्षिका राहायच्या. भर दुपारी मशीन बंद पडलं, लेकीने फोन केला, उशाशी जादा सिलिंडर होता तो जेमतेम पाऊण तासाचा. कॉल गेला होडीवाल्याला, तो पश्चिमेच्या काठावर. आणि चार नंबरवाला? बाईंच्या घरापासून तीन गल्ल्या सोडून, हातात चहाचा पेला, काम नाही म्हणून बसलेला. त्याच्या स्क्रीनवर काहीच नाही, हद्दीबाहेरचा कॉल ना. पूर्वीची पद्धत असती तर लेकीने सरळ त्यालाच हाक मारली असती, तोंडओळख होती त्यांची. पण कंपनीने पत्रक काढलं होतं, परस्पर कुणाला बोलवायचं नाही. ते पत्रक — हो, मसुदा माझाच. होडीवाला पोचला एक्कावन्न मिनिटांनी. बाई गेल्या होत्या.

चौकशीला मुख्य कचेरीची चार माणसं आली. परगावची. तलाव त्यांनी नकाशात निळा पाहिलेला, आणि माझा ठिपका रस्त्यावर. गाडी कुठून कशी गेली, याची नोंद तेव्हा होत नसे. त्यांनी विचारलं, तेराच्या जागी एक्कावन्न कशी? होडीवाला म्हणाला, "तलावाला वळसा घालून आलो. वाटेत कुठे थांबलो नाही." आणि माझ्याकडे बघितलं. रागाने नाही हो. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. शाळेत मुलाला उत्तर आठवत नसलं की मास्तर थांबतो ना, आता सांगेल, आता सांगेल — तसं. मला विचारलं, तज्ज्ञ म्हणून आपलं मत काय? मी म्हणालो, "उरलेल्या अडतीस मिनिटांचं स्पष्टीकरण नकाशात सापडत नाही." शब्द न् शब्द आठवतो. बारा की अकरा ते आठवत नाही, हे आठवतं. यात खोटं काय आहे? काहीच नाही. नकाशात नव्हतंच सापडत. मी पेनाला टोपण लावलं.

त्याला काढलं. कारण लिहिलं, वाटेत रेंगाळला. लेकीलाही तसंच कळवलं — ती अजून तेच धरून असेल, की आई गुदमरत होती आणि हा कुठेतरी टपरीवर बसला होता. बायको म्हणायची, त्या बाईंच्या घरी एकदा जाऊन या. मी म्हणायचो, जाऊन बोलू काय? होडीवाल्याचं पुढे काय झालं मला माहीत नाही — माहीत करून घेतलं नाही, असं म्हणा. सात नंबर पुढे कुणीतरी तोडला, मी नाही. मला मानपत्र मिळालं. ते भिंतीवर नाही, तुम्ही भिंत बघू नका, कपाटात आहे.

झालं का? सही कुठे करायची — इथे बोटाने? बरं. पुढचा कॉल लांब आहे का? मग निघा, मी तुमची दहा मिनिटं खाल्ली, कुणी विचारलं तर म्हाताऱ्याने अडवलं म्हणून खरं ते सांगा. नाही, पाणी नको, दार ओढून घ्या फक्त.

काय म्हणालात? थांबला होता का तो?

निवृत्त झाल्यावर, बाई गेल्या त्यानंतर नऊ वर्षांनी, त्याच महिन्यात, भर दुपारी मी माझी गाडी काढली. पश्चिमेच्या ज्या घरात त्याला कॉल आला होता त्या घरापासून बाईंच्या घरापर्यंत, तलावाला वळसा घालून, कुठेही न थांबता. तीन दिवस गेलो. पहिल्या दिवशी चौसष्ट मिनिटं लागली, दुसऱ्या दिवशी एकसष्ट, तिसऱ्या दिवशी बासष्ट. एक्कावन्न मिनिटांत मला एकदाही पोचता आलं नाही.