आत्यानं घासलेली सुरई

मी दारूला शिवत नाही, पण दारूच्या जुन्या बाटल्या जमवायचं मला वेड आहे. मागं पडेगावच्या एका जुन्या सामानाच्या दुकानातून मी व्हिस्कीची विलायती सुरई आणली. काचेवर मीनाकारीची लाल फुलं होती. ती बैठकीत मांडली आणि त्याच आठवड्यात चितेगावची आत्या आमच्याकडं राहायला आली.

एका संध्याकाळी ऑफिसातून येऊन बघतो, तर सुरई लखलखीत आणि फुलं गायब!

"आत्या, हे काय केलंस?"

"लई मळली होती रे. तारेच्या घासणीनं घासली, तर रंगच निघाला."

मला रडूच यायचं बाकी होतं. "अगं, शंभर वर्षांची नक्षी होती ती!"

"शंभर वर्षं टिकली अन् माझ्या एका हातानं निघाली व्हय? फसवलं तुला त्यानं. कुठं हाय त्याचं दुकान?"

मी नको नको म्हणत असताना दुसऱ्या दिवशी ती रिक्षा करून एकटीच गेली. परत आली ती निळ्या काचेची, पांढऱ्या हरणांची, पहिलीपेक्षा कितीतरी देखणी सुरई घेऊन.

"त्यानं बदलून दिली?" मी थक्कच झालो.

"आधी नाय म्हणला. मग म्या पिशवीतून घासणी काढली अन् त्याच्या फळीवरच्या बाटल्या घासायला बसले. तिसरी घेतली, तसा हात जोडून म्हणला, 'अम्मा, ये असली है, ये लेके जाओ, पर बाकीकू हात नक्को लगाओ!'"