ओवळीच्या वासाचा वारा

दिघीच्या जेट्टीवर हेमाली फेरीबोटीची वाट बघत बसली होती. दुपार खाडीवर पेंगत होती. शेजारी उभ्या जुन्या ट्रेलरच्या केबिनमध्ये म्हातारा ड्रायव्हर आणि एसीचा मेकॅनिक बोलत होते.

“दिनानाथकाका, गॅस भरपूर हाय, पाइपही गारेगार. तरी वारा एवढासाच येतोय.”

“दोन वर्षं असाच हाय, रितेश.”

“थांबा, डॅशबोर्ड खोलतो... काका, वाऱ्याची नळी सुकलेल्या फुलांनी गच्च भरलीय.”

“ओवळीची हायत, बकुळीची. देवापुढचा गजरा सुकला की वरच्या फटीत सारायचो. निर्माल्य रस्त्यावर कसं टाकणार?”

“खाडीत सोडायचं.”

“दरवेळी ठरवायचो. मग माल उतरवायची घाई.”

“एवढे गजरे आणले कुठून?”

“निघताना बायको द्यायची, कमळ. बारा वर्षं. गेल्या चैतात ती गेली.”

“फुलं सगळी काढली. आता एसी लावा बघू.”

“व्हय. झकास गार येतोय.”

“ही फुलांची पिशवी घ्या. खाडी समोरच हाय.”

“रितेश, वाऱ्याला वास न्हाय रे आता. मूठभर परत घाल.”

“वारा परत कमी होईल, काका.”

“होऊ दे.”

बोटीचा भोंगा वाजला. हेमाली उठली, तेव्हा ट्रेलरच्या दोन्ही काचा हळूहळू वर चढत होत्या.