दुसऱ्यांदा इचारलंच नाही

मी रामाकोन्याची, मध्य प्रदेशातल्या सौंसरजवळचं गाव. जलम तिथलाच, शाळाही तिथलीच. बाप दुसऱ्याच्या संत्र्याच्या बगिच्यात कामाले जाये, माय कापूस वेचाले जाये, अन् आम्ही भावंडं शाळेत. घरी मराठी, शाळेत हिंदी, अन् नोकरी मांगाले गेलं का सायब लोकाईची इंग्रजी, असं आमच्या इकडच्या लेकराले लहानपणापासून बोलाचीच धास्ती. मले बोलाची सवय लागली ते विहारात. माइकवर कोणी उभं राहाले तयार नसे, मंग म्हातारे लोकं म्हणत, सुजाता, तू वंदना वाच, अन् मी वाचो. आवाज कापे नाही माझा. त्या आवाजावरच आजपर्यंत पोट भरून राहिली, दुसरं काय सांगू तुम्हाले.

पहिले सौंसरले एका प्रायव्हेट शाळेत शिकवत होती, ते शाळा बंद पडली. आता पांढुर्ण्याच्या अन् सौंसरच्या कॉलेजात क्लास घेते, पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट म्हणते त्याले, अन् बोरगावले एक मसाल्याची पाकिटं भरणारा कारखाना हाये, तिथल्या कामगार बायाईले शिकवते. काय शिकवते, तं मान वर करून बोला, समोरच्याच्या डोळ्यात पाहा, आवाज मोकळा काढा. तुम्ही हसू नोका. पोरीले म्हटलं ना, बाई तुझ्याबद्दल सांग, तं ते बापापासून सुरू करते, मंग भाऊ काय करते, मंग मामाचं गाव कोणतं, अन् सोतापर्यंत येईस्तोवर इंटरव्ह्यूचा वेळ खतम. पोट्टे तं त्याहून बेकार. बाहेर पानठेल्यावर अख्खा चौक ऐकते त्याईचं, अन् वर्गात उभं केलं का बेंच नखानं खरडत राहते. सर्टिफिकेट सगळ्याईले पायजे, मॅडम कधी देता, मॅडम कधी देता. मी थकली हो आता. तेच ते रोज नव्या तोंडाईले सांगाचं, बसमध्ये उभं राहून जाचं, उभं राहून शिकवाचं, अन् उभं राहूनच वापस याचं. गुडघे दुखते अन् घरी आलं का बोलाचं मन नाही होत, आमचे मालक, म्हणजे नवरा, म्हणते, बाहेर एवढी बोलतं अन् घरी मुकी काहून.

आता प्रतिभाचं सांगते. ते कारखान्यात मशीनवर पाकिटं बंद कराच्या कामावर हाये. नवरा वारला, पदरात एक लहान पोरगी, अन् पाळी बदलत राहते, कधी दिवसपाळी कधी रातपाळी, तं लेकरू कोणाजवळ ठेवाव. म्हणून पोरगी पांढुर्ण्याले आजीजवळ अन् हे इकडे बोरगावले खोली करून. पोरगी आजीलेच माय म्हणाले लागली, म्हणे, अन् हे सांगताना तिचं तोंड असं होये का मले पाहावत नसे. पहिल्या क्लासले ते खांबाच्या मागं बसली होती. नाव इचारलं तं शेजारणीनं सांगतलं. मंग प्रतिभाच्या मागं मी लागली. आरशासमोर बोल म्हटलं, मशीनसमोर बोल, माझ्यासमोर बोल. अन् एक दिवस तिनं सगळ्या बायाईसमोर उभं राहून सांगतलं का पाकीट कुठं फाटते अन् काहून फाटते, मस्त चोख हिंदीत, मान वर करून. मले एवढं बरं वाटलं, का त्या दिवशी बसमध्ये उभं राहाचं दुखलं नाही.

मंग सुपरवायझरची जागा निघाली. सुपरवायझर बाईले कायमची दिवसपाळी. म्हणजे लेकरू आपल्याजवळ आणता येते, शाळेत टाकता येते. प्रतिभा मले म्हणे, मॅडम, मले हे जागा पायजे, पगार नाही वाढला तरी चालन. नवे मॅनेजर बाहेरचे, भले माणूस, त्याईच्या मनातही तिचंच नाव होतं. क्लास झाल्यावर मी त्याईच्या ऑफिसात चहा घेत बसली होती अन् त्याईनं तिले बोलावलं. माझ्यासमोरची गोष्ट हाये. ते आली, सरळ उभी राहिली, सायबाच्या डोळ्यात पाह्यलं. सायब म्हणे, प्रतिभा, सुपरवाइजर का काम करोगी. अन् ते हसून, मोकळ्या आवाजात म्हणे, नहीं सर, मुझसे कहाँ होगा, किसी और को दे दीजिए.

तुम्ही काय इकडचे नाही, तं सांगते. आमच्या इकडे पहिल्या खेपेले कोणी हाव म्हणत नाही. जेवता का म्हटलं, तं नाही, आताच जेवलो, पोटात कावळे ओरडत असन तरी. मंग इचारणारा म्हणते, अरे बस ना. मंग हा म्हणते, नाही नाही, राहू द्या. मंग तो हाताले धरून बसवते अन् मंग हा जेवते. पहिल्याच खेपेले हाव म्हटलं का माणूस हावरा. मोठं काम असन तं जास्तच नाही म्हणाचं, तो समोरच्याचा मान. प्रतिभानं मानच देल्ला सायबाले. पहिलेची प्रतिभा असती तं खाली पाहून, पदर चावत, तोंडातल्या तोंडात नाही म्हटली असती, अन् सायबाले वाटलं असतं, लाजून राहिली बाई, परत इचारू. पण आता तिचा आवाज असा खणखणीत, का ते नाही म्हणजे नाहीच वाटलं. सायब म्हणे, ठीक है, कोई बात नहीं. अन् दुसरीले बोलावलं.

मी म्हटलं, सर, तिले पायजे हाये, एकदा परत इचारा. सायब हसले. मैडम, आपने ही तो सिखाया है, कितना साफ बोली. तोवर ते दुसरी बाई आत आली होती, अन् तिनं हाव म्हटलं. तिच्याही घरी लेकरं हाये, तिच्या तोंडातला घास कसा काढाव.

बाहेर नळाजवळ प्रतिभा उभी होती. रडली नाही. म्हणे, मॅडम, त्याईनं दुसऱ्यांदा इचारलंच नाही. मंग म्हणे, पण मी बरोबर बोलली ना, आवाज निघाला ना. मी म्हटलं, हाव माय, निघाला.

मले तो दिवस अजूनही झोपू देत नाही. आता प्रत्येक क्लासले सांगते, पहिल्याच खेपेले हाव म्हणा. पोरी तोंडावर हात ठेवून हसते. मी खोटी मॅनेजर बनून इचारते, नोकरी करशील का, अन् चांगली शिकलेली पोरगी नाही मॅडम म्हणून बसते, मंग जीभ चावते. तोंडाची सवय मी काढू शकते, पण हे आतमधलं कुठून काढू, तुम्हीच सांगा. जेवढं होईन तेवढं करून राहिली.

प्रतिभा अजून त्याच मशीनवर हाये, तेच पाळ्या. मांगच्या रविवारी घरी आली होती, पोरीले घेऊन. संध्याकाळच्या गाडीनं लेकरू परत आजीकडे जाणार होतं. मी डबा उघडला, म्हटलं, लाडू खातं का बाई, तं लेकरू पटकन म्हणे, हाव, दोन दे. प्रतिभानं तिचा हात मागं ओढला, डोळे वटारले, म्हणे, असं म्हणते का, पहिले नाही म्हणाव. मी म्हटलं, प्रतिभा, सोड तिचा हात. दोन्ही हातात लाडू देल्ले पोरीच्या, डोक्यावरून हात फिरवला, म्हटलं, जिथं जाशीन तिथं अशीच मांग माय, सुखी राह्य. मंग प्रतिभासमोर डबा धरला. ते म्हणे, नाही मॅडम, आताच जेवली. मी दुसऱ्यांदा इचारलं, तवा तिनं घेतला.